जिथे पडझड आहे तिथे शिकायला जावं



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभं आयुष्य तंत्रशाळेत सुतारकाम शिकवण्यात घालवलं. या व्यासपीठावरून आजवर साहित्य, इतिहास, शेती, पाणी अशा विषयांवर भाषणं झाली. या वर्षी हाताने काम शिकणाऱ्या मुलांविषयी बोलू द्या, अशी विनंती मी केली आणि विश्वस्तांनी ती लगेच मान्य केली, याबद्दल त्यांचे आभार. विषय थोडक्यात असा: युरोपात गवंडीकाम, सुतारकाम, दगडकाम, गिलावा शिकणारी मुलंमुली जुन्या इमारती दुरुस्त करायला परदेशी जातात. ती कुठे जातात, काय शिकतात, आणि आपल्या मुलांना हे शिक्षण कसं मिळेल, हे मला मांडायचं आहे.

रुमानियात ट्रान्सिल्व्हानिया प्रांतात, क्लुज शहरापासून तीसेक किलोमीटरवर बोंत्सिदा नावाचं गाव आहे. तिथे बान्फी या हंगेरियन सरदार घराण्याचा मोठा वाडा आहे. चार कोपऱ्यांना गोल बुरूज असलेली सतराव्या शतकातली गढी, तिच्यापुढे अठराव्या शतकात व्हिएन्नाच्या धर्तीवर बांधलेलं भव्य अंगण आणि घोड्यांच्या पागा, मग एकोणिसाव्या शतकातली गॉथिक धाटणीची भर. वाड्याचे शेवटचे धनी मिक्लोश बान्फी हे कादंबरीकार होते आणि १९२१-२२ मध्ये हंगेरीचे परराष्ट्रमंत्रीही होते. १९४३ साली ते बुखारेस्टला गेले. हंगेरी आणि रुमानिया या दोन्ही देशांनी जर्मनीची साथ सोडावी, यासाठी बोलणी करायला. बोलणी फिसकटली. पुढच्या वर्षी माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने त्याचा सूड म्हणून वाडा लुटला आणि पेटवून दिला. ग्रंथसंग्रह, चित्रं, लाकूडसामान, सगळं गेलं. युद्धानंतर वाडा सरकारजमा झाला आणि पडेल त्या कामाला वापरला गेला. छपराविना उभ्या राहिलेल्या भिंतींवर वर्षानुवर्षं पाऊस आणि बर्फ पडत राहिला. १९९९ साली जगातल्या सर्वांत धोक्यात असलेल्या शंभर वास्तूंच्या यादीत त्याचं नाव आलं.

२००१ साली ट्रान्सिल्व्हानिया ट्रस्ट या तिथल्या संस्थेने, ब्रिटनमधल्या इन्स्टिट्यूट ऑफ हिस्टॉरिक बिल्डिंग कॉन्झर्व्हेशनच्या साथीने, या वाड्यात प्रशिक्षण केंद्र सुरू केलं. वाडा दुरुस्त करायला पुरेसा पैसा नव्हता. जुन्या पद्धतीने दुरुस्ती करू शकणारे कारागीर युरोपभर कमी होत चालले होते. या दोन अडचणींचीच त्यांनी गाठ घालून दिली. शिकणाऱ्यांनी यावं, वाड्यात राहून काम करावं, आणि कामाबरोबर वाडाही हळूहळू सावरावा. तेव्हापासून वेगवेगळ्या देशांतले हजाराहून अधिक विद्यार्थी तिथे शिकून गेले. २००८ साली युरोपा नोस्त्राचा पहिल्या श्रेणीचा पुरस्कार या केंद्राला मिळाला. वास्तुविद्येची पदवी घेणारी मुलगी आणि गवंडीकाम शिकणारा मुलगा तिथे एकाच परांचीवर उभे राहतात, ही त्या केंद्राची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. आपल्याकडे हे दोघं एका खोलीतही सहसा भेटत नाहीत.

मी तिथे राहून काम पाहिलं आहे. विटांच्या दरजा भरण्याचं काम कसं चालतं ते सांगतो, कारण तिथलं सगळं शिक्षण त्यात दिसतं.

पहिली आज्ञा अशी की यंत्राला हात लावायचा नाही. दरजेतला जुना माल खरवडायला चकती फिरवली, तर काम दहापट लवकर होईल. पण चकती विटेची कडही कापते, आणि एकदा कापलेली कड परत येत नाही. म्हणून छिन्नी आणि हलका हातोडा. दरज जेवढी रुंद, तिच्या दुप्पट खोल जायचं. मग आतली धूळ झाडायची आणि भिंत पाण्याने भिजवायची. कोरड्या विटेने मालातलं पाणी शोषून घेतलं, तर चुना घट्ट होण्याऐवजी भुगा होतो. चुन्याचा माल थापीने दाबून आत भरायचा, जिथे दरज खोल आहे तिथे थरांनी. वरून तो गुळगुळीत करायचा मोह आवरायचा. माल थोडा आळला की राठ केसांच्या ब्रशने ठोकायचा, म्हणजे पृष्ठभाग उघडा राहतो आणि हवा आत जाते. शेवटी ओलं गोणपाट टांगायचं आणि ते पुढचे काही दिवस वाळू द्यायचं नाही.

पहिल्या दिवशी मुलं वैतागतात. घरी त्यांना भरभर काम करायची सवय लावलेली असते. इथे दिवसअखेर दाखवायला हातभर भिंत. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांचे प्रश्न बदलतात. हा माल इथेच का फुगला? या कोपऱ्यात पांढरे क्षार का आले? ही वीट समोरून सोलली गेली आणि शेजारची शाबूत कशी? प्रश्न इथवर आले की शिकवणाऱ्याचं निम्मं काम झालेलं असतं.

त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा सिमेंट असतं. चुन्याच्या भिंतीत ओल येते आणि जाते. दरजा विटेपेक्षा मऊ असतात, म्हणून ओल दरजेतून बाहेर पडते आणि झीज झालीच तर दरजेची होते. दरज पुन्हा भरता येते. त्याच भिंतीला कुणी भलं करायच्या हेतूने सिमेंटचा गिलावा केला, की ओलीची वाट बंद होते. मग ती विटेतून बाहेर पडू पाहते, क्षार विटेच्या तोंडाशी साठतात, थंडीत पाणी गोठून फुगतं आणि विटेचा पापुद्रा सुटतो. हे पुस्तकात वाचता येतं. पण स्वतःच्या छिन्नीने तो सिमेंटचा थर काढताना त्याच्या मागे चिकटून आलेला विटेचा लाल तुकडा ज्याने हातात धरला, तो पुन्हा जुन्या भिंतीला सिमेंट लावताना दहा वेळा विचार करेल.

सुताराचा धडा थोडा वेगळा असतो. छपराचा वासा जिथे भिंतीवर टेकतो तिथे तो हमखास कुजतो, कारण गळणारं पाणी तिथेच साचतं. शिकाऊ मुलाला वाटतं, वासा कुजला, काढा, नवा घाला. तिथले शिकवणारे त्याला टोचणी देतात आणि लाकूड कुठवर मऊ आहे ते बोटबोटभर अंतरावर टोचून बघायला लावतात. बहुतेक वेळा दोन-अडीच फूट गेलेलं असतं आणि वरचं सगळं लाकूड ठणठणीत असतं. मग तेवढाच भाग कापायचा, त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा तिरपी खाच देऊन जोडायचा आणि लाकडी खुंट्या ठोकायच्या. हा सांधा जमायला हात चांगलाच तयार असावा लागतो. अख्खा वासा बदलणं त्यापेक्षा कितीतरी सोपं. जुन्या वाशांवर सुतारांनी पटाशीने कोरलेल्या खुणा असतात, एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. जमिनीवर जुळवलेलं छप्पर सुटं करून वर चढवताना कोणता वासा कुठे जायचा, हे त्यांवरून कळे. वासा फेकून दिला की ती खूणही गेली.

जतनाच्या क्षेत्रात १९६४ ची व्हेनिसची सनद सगळे मानतात. जिथे पुरावा संपतो आणि अंदाज सुरू होतो तिथे दुरुस्ती थांबली पाहिजे, असं ती सांगते. आम्ही वास्तुविशारद या सनदेचे दाखले सभांमधून देत असतो. पण प्रत्यक्षात थांबायचं असतं ते पटाशी धरलेल्या हाताला. त्या हाताला कधी थांबायचं हे शिकवलं नसेल, तर सनद कपाटात राहते.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. हे शिकायला परदेशी कशाला जायचं? इंग्लंडात, जर्मनीत जुन्या इमारती कमी आहेत का?

माझं उत्तर असं आहे. ज्या देशात पैसा होता, तिथल्या जुन्या इमारती अनेकदा दुरुस्त झाल्या. त्यांत पोलाद आलं, काँक्रीट आलं, नवे पाइप आले. वरून त्या जुन्या दिसतात, पण मूळ कामाचा छेद तिथे क्वचितच उघडा सापडतो. जिथे पैसा पोचला नाही, तिथे जुनं काम जसंच्या तसं राहिलं. पडलं तेही स्वतःच्या पद्धतीने पडलं. शिवाय ज्यांना विकतचं साहित्य परवडलं नाही, त्यांच्या हातात जुनं कसबही टिकलं. रुमानियाच्या उत्तरेला मारामुरेश भागात लाकडी चर्चेस आहेत, त्यांतली आठ १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. त्यांची छपरं लाकडाच्या फळकुटांची. ओंडका फोडून हातानं फळकूट काढणारे आणि ती मासळीच्या खवल्यांसारखी एकावर एक बसवणारे लोक त्या भागात अजून आहेत. पश्चिम युरोपातला शिकाऊ सुतार तिथे जातो तेव्हा तो कुणावर उपकार करायला जात नाही. त्याच्या गावात जे संपलं ते शिकायला जातो. गरीब मुलखाने श्रीमंत मुलखाला शिकवाव्यात अशा थोड्या विद्यांपैकी ही एक आहे, आणि या गोष्टीचा मला मनापासून अभिमान वाटतो.

दुसरं कारण आपल्या नेहमीच्या अनुभवातलं. शिकाऊ मुलगा घरच्या मालकाकडे असतो तेव्हा मालकाला मुदत असते, गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं असतं. चूक करायला, उसवून पुन्हा करायला वेळ मिळत नाही. दूरच्या गावात, ओळखीचं कुणी नसताना, भाषाही अर्धीमुर्धी कळत असताना, मुलगा दुसऱ्याच्या हाताकडे नीट बघायला शिकतो. समोरचा मेस्त्री तोंडाने समजावू शकत नाही, म्हणून तो करून दाखवतो.

ही रीत नवी नाही. जर्मनीत काम शिकून झालेले तरुण सुतार आणि गवंडी अजूनही तीन वर्षं आणि एक दिवस भटकंतीला निघतात. काळा कॉर्डरॉयचा पोशाख, हातात वळणदार काठी, आणि आपल्या गावाच्या पन्नास किलोमीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही असा नेम. निघणारा अविवाहित आणि कर्जमुक्त असावा लागतो. फ्रान्समध्ये कंपान्यों या कारागीर मंडळांची मुलं गावोगावच्या उस्तादांकडे राहत देशभर फिरतात. त्यांच्या या परंपरेला २०१० साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. २०१९ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या नोत्र दामचं ओकचं छप्पर जळालं, तेव्हा ते पुन्हा कुऱ्हाडीने तासलेल्या लाकडाचंच करता येईल का यावर बराच वाद झाला. २०२० च्या सप्टेंबरात शार्पांतिए सॉं फ्रोंतिएर, म्हणजे सीमा न मानणाऱ्या सुतारांच्या एका मंडळाने, चर्चसमोरच्या चौकात जुन्या पद्धतीने घडवलेली छपराची एक कैची उभी करून दाखवली. तो वाद मिटायला या प्रात्यक्षिकाची मोठी मदत झाली. चर्च २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा उघडलं.

सरकारी पातळीवर युरोपने काय केलं हेही थोडक्यात सांगायला हवं. १९६६ च्या पुराने व्हेनिसची दैना झाल्यावर जतनाच्या कारागिरांची टंचाई सगळ्यांना दिसली. १९७७ साली व्हेनिसमध्ये या कामासाठी युरोपीय केंद्र निघालं. सान सेर्वोलो बेटावर तिथे निरनिराळ्या देशांतले तरुण कारागीर तीन-तीन महिने शिकत. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिकण्याची एरास्मस योजना १९८७ साली सुरू झाली, आणि व्यवसाय शिकणाऱ्यांसाठीची लिओनार्दो दा विंची योजना १९९५ साली. २०१४ पासून दोन्ही एरास्मस प्लस या एकाच नावाखाली आहेत. जर्मनीने २००५ साली व्यवसायशिक्षणाचा कायदा सुधारला. त्यात एक तरतूद आहे, तिच्याकडे मी तुमचं लक्ष वेधतो: शिकाऊ मुलाला प्रशिक्षणाच्या एकूण काळापैकी पाव हिस्सा परदेशात घालवता येतो, आणि त्या काळात त्याचा करार चालू राहतो, विद्यावेतनही चालू राहतं. म्हणजे तो परदेशात असतानाही शिकाऊच असतो. त्याला कुणी मजूर समजू शकत नाही.

या साऱ्यात त्रुटी नाहीत असं नाही. दोन आठवड्यांत चुना कळत नाही. चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो; ज्याने दरज भरली त्याला ती हिवाळ्यानंतर स्वतः बघता आली पाहिजे, तरच आपलं काम कसं झालं हे त्याला समजेल. बहुतेक मुलं त्याआधीच परत जातात. आणि जिथे देखरेख ढिली, तिथे शिकाऊ मुलांकडून फुकटात राडारोडा उचलून घेण्याचा धोका असतोच. यावर उपाय एकच, मुलांबरोबर त्यांचा शिक्षक गेला पाहिजे आणि कामाच्या जागी उस्ताद पूर्ण वेळ हवा.

आपल्या देशात अशा शिक्षणाचं एक उजवं उदाहरण आहे. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याचं मोठं जतनकाम आगा खान ट्रस्टने पुरातत्त्व खात्याबरोबर केलं. विसाव्या शतकात गळती थांबवायला मकबऱ्याच्या गच्चीवर काँक्रीटचे थर घातले गेले होते. ते हातांनी फोडून उतरवले, तर ते भरले सुमारे १० लाख किलो! एवढं ओझं ती इमारत उगाच वाहत होती. मकबऱ्याच्या छत्र्यांवरच्या रंगीत चिनी फरशा बनवण्याचं कसब आपल्याकडे उरलं नव्हतं. तेव्हा उझबेकिस्तानहून उस्ताद आले आणि त्यांनी शेजारच्या निजामुद्दीन वस्तीतल्या तरुणांना ते शिकवलं. मुलांनी परदेशी जाण्याऐवजी इथे उस्तादच परदेशातून आले. भट्टीचं तापमान, रंगाचा लेप, फुटलेल्या फरशांचे ढीग, हे सगळं ती मुलं आपल्याच वस्तीत राहून शिकली.

महाराष्ट्राचं काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. सुरुवातीला दहा हजार तरुणांना पाठवण्याचं उद्दिष्ट जाहीर झालं. व्यवसायांच्या यादीत गवंडी, सुतार, रंगारी, प्लंबर होते. मुलांना चांगली मिळकत होणार असेल तर मला आनंदच आहे, तिला नाक मुरडणारा मी कोण? पण या कराराचा रोख मुलांना कामाला पाठवण्यावर आहे. जर्मनीच्या मुलांना पाव काळ परदेशी शिकायची मुभा आहे, तर आपल्या मुलांनाही तिथे शिकायची मुभा असू द्या, आणि त्यांच्या मुलांना आपल्याकडे बोलवा. असं एक कलम त्या कराराला जोडून मागावं, असं मी या व्यासपीठावरून शासनाला सुचवतो.

आपल्याकडे शिकवण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारेल. बोंत्सिदाला पोरं ज्या कारणांनी जातात तीच कारणं आपल्याकडे आहेत. तालुक्याच्या कुठल्याही जुन्या पेठेत जा. सागवानी खांब, कडीपाट, तुळयांचे सांधे, भेंड्यांच्या भिंती, सगळं उघडं पडलेलं आहे. कोकणात जांभा आहे, गोव्यात शिंपल्यांच्या खिडक्या आहेत. आणि चुना आहे. आपला चुना युरोपच्या चुन्याहून वेगळा, कारण त्यात आपण गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी, उडदाचं पीठ घालत आलो. कशात किती घालायचं, पावसाळ्यात किती आणि उन्हाळ्यात किती, घाणीवर माल किती फेऱ्या मळायचा, हे ज्यांना हाताने माहीत आहे असे मेस्त्री आजही आहेत, पण त्यांतले बहुतेक सत्तरी ओलांडलेले. आयटीआयच्या गवंडी अभ्यासक्रमाचा भर सिमेंट-काँक्रीटवर आहे आणि नव्या बांधकामासाठी तो असायलाच हवा. पण त्यातल्या काही मुलांना वर्षातले तीन महिने एखाद्या वाड्यात, अशा मेस्त्रींच्या हाताखाली, विद्यावेतनासह घालवता येतील. शिकाऊ उमेदवारांसाठीचा १९६१ चा कायदा आपल्याकडे आहेच. त्याचा उपयोग कारखान्यांपुरता का राहावा?

त्या मेस्त्रींना शिक्षक म्हणून मानधन द्यावं लागेल, आणि ते पदवीधराइतकं द्यावं लागेल. इथे आपण अडखळतो, हे मला माहीत आहे. ज्याला सही करता येते पण अर्ज लिहिता येत नाही अशा माणसाला प्राध्यापकाच्या दराने पैसे द्यायला आपली कोणतीही रचना तयार नसते. पण बोंत्सिदाच्या परांचीवर मी तेच पाहिलं: शिकवणाऱ्याची पदवी कुणी विचारत नव्हतं, त्याने जोडलेला सांधा बघत होते.

या गावापुरती सुरुवात कशी करता येईल, एवढंच सांगून थांबतो. गुरुजींच्या तंत्रशाळेच्या मागे मोकळी जागा आहे. मी आज सकाळी ती पाहून आलो. तिथे दोन खड्डे विटांनी बांधून घ्यावेत. कळीचा चुना आणून त्यात विझवावा आणि पाण्याखाली मुरत ठेवावा. चांगल्या कामाचा चुना मुरायला महिने लागतात, म्हणून कोणता वाडा दुरुस्त करायचा, परवानग्या कुणाच्या, मुलं किती, मेस्त्री कोण, हे सगळं ठरेपर्यंत थांबायचं कारण नाही. खड्ड्यांच्या खर्चाचा अंदाज मी कागदावर काढून आणला आहे आणि भाषणानंतर तो कार्यवाहांकडे देणार आहे. ज्यांना हातभार लावायचा असेल, किंवा ज्यांच्या ओळखीत चुन्याचं काम केलेले कुणी वयस्क मेस्त्री असतील, त्यांनी कृपया आज जाण्याआधी कार्यवाहांकडे नाव आणि गाव लिहून द्यावं.